गुलाबाचं अत्तर, माशाचं तेल आणि निम्मं औषध: ल्यूपसच्या एका रुग्णाचं प्रकरण

मुलगी तेरा वर्षांची, आजार ल्यूपस, काळ 1980च्या दशकाच्या मधला, देश अमेरिका. तिच्यावर केलेल्या एका वेगळ्या उपचाराची हकिगत 1992 साली बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आली. जेमतेम दोन पानं. लेखक दोघं: बालरोगतज्ज्ञ कॅरन ओल्नेस आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एडर. मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. चेतासंस्थेचा धडा संपला की प्रतिकारसंस्थेचा धडा सुरू करण्याआधी मी दरवर्षी हे प्रकरण वर्गात सांगते. पुस्तकात या दोन धड्यांच्या मध्ये बरीच पानं असतात. त्यामुळे मुलींची समजूत होते की शरीरातही या दोन संस्था आपापल्या खोलीत दार लावून बसलेल्या असतात. ती समजूत मोडायला ही दोन पानं पुरतात.

हे प्रकरण माझ्या मनात घर करून बसलं त्याला घरचंही एक कारण आहे. माझ्या मावसबहिणीला ल्यूपस आहे. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पेच

ल्यूपसमध्ये प्रतिकारसंस्था घरच्यांनाच परकं समजू लागते. बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धसुद्धा प्रतिपिंडं तयार करतात. ती मूत्रपिंडात, सांध्यांत, त्वचेत जाऊन बसतात, कधी मेंदूवरही हल्ला चढवतात, आणि जातील तिथे दाह पेटतो. दहा रुग्णांत नऊ बायका असतात आणि बहुतेकींना हा आजार ऐन उमेदीत गाठतो. या मुलीला त्याच्याही आधी गाठलं. स्टिरॉइड चालू होतं, तरी रक्तदाब चढला, झटके येऊ लागले, रक्तस्राव होऊ लागला. डॉक्टरांच्या हातात जालीम असं एकच औषध उरलं: सायक्लोफॉस्फमाइड.

आपल्याकडेही ज्या घरात ल्यूपस आहे तिथे हे नाव बहुधा ठाऊक असतं. औषध मूळचं कॅन्सरचं. ते डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं, मग पेशीला विभागता येत नाही आणि ती मरते. चेकाळलेल्या प्रतिकारपेशी भराभर विभागत असतात, म्हणून त्यांच्यावर घाव पडतो. पण अस्थिमज्जेतल्या पेशीही विभागत असतात आणि केसांच्या मुळाशी असलेल्याही. शिवाय लघवीतून रक्त जाणं, जंतुसंसर्ग, पुढे कधीतरी कॅन्सरचा धोका, आणि मुलींच्या बाबतीत बीजकोश कायमचे निकामी होण्याची भीती. यातलं बरंचसं नुकसान आयुष्यभरात एकूण किती औषध शरीरात गेलं त्यावर वाढत जातं. आणि तेरा वर्षांच्या मुलीला ते दर महिन्याला, वर्षभर द्यायचं होतं.

तिच्या आईच्या वाचनात एडर यांचे प्रयोग आले होते. औषध कमी देऊन तेवढाच परिणाम मिळेल का, हा प्रश्न मुळात त्या आईचा. ओल्नेस यांनी तो एडर यांच्यापर्यंत नेला. वर्गात मी या जागी नेहमी थांबते. रुग्णाच्या घरच्या माणसाने विचारलेला प्रश्न हसण्यावारी न नेता त्या विषयातल्या जाणकारापर्यंत पोचवणारी डॉक्टर भेटली, म्हणून हे प्रकरण घडलं.

गोड पाणी पिऊन मेलेले उंदीर

चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. आपण ठरवून सोडत नाही, सुटतं. जिभेला आंबट लागणं आणि लाळ गळणं ही जन्मजात जोडी; त्या जोडीला चिंचेचं नाव, तिचा रंग, शाळेबाहेरच्या गाडीवरचा तो वास हे सगळं अनुभवाने चिकटत जातं. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला अभिसंधान म्हणतात. घंटा ऐकून लाळ गाळणारा पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत आहे. लाळग्रंथींना चेतातंतू जोडलेले असतात, त्यामुळे त्यांनी असलं काही शिकावं याचं कुणाला नवल वाटत नाही. पण रक्तातून एकटीच हिंडणारी पांढरी पेशी? तिला कोण शिकवणार?

1970च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात एडर उंदरांवर एक साधा प्रयोग करत होते. उंदरांना सॅकरिन घातलेलं गोड पाणी प्यायला द्यायचं आणि त्यानंतर सायक्लोफॉस्फमाइडचं एक इंजेक्शन. त्याने पोट बिघडतं. पुढच्या वेळी गोड पाणी दिसलं की उंदीर तोंड फिरवतात. ही नावड किती दिवस टिकते, एवढंच त्यांना पाहायचं होतं, म्हणून नंतर ते इंजेक्शन न देता नुसतं गोड पाणी देत राहिले. आणि उंदीर मरू लागले. सुरुवातीला ज्यांनी गोड पाणी जास्त प्यायलं होतं, त्यांच्यात मरण्याचं प्रमाण जास्त दिसलं. औषध तर एकदाच दिलं होतं, आणि ते जीव घेण्याइतकं नव्हतं.

एडर मानसशास्त्राचे. प्रतिकारशास्त्राचं त्यांचं शिक्षण झालेलं नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच त्यांनी असा विचार करायचं धाडस केलं की गोड चवीबरोबर उंदरांच्या शरीराने मळमळ तर शिकलीच, पण औषधाचा दुसरा परिणाम, म्हणजे प्रतिकारशक्ती खाली येणं, तेही शिकलं. दुबळ्या झालेल्या उंदरांना मग साधे जंतूही पुरले. प्रतिकारशास्त्रज्ञ निकोलस कोहेन यांना सोबत घेऊन त्यांनी नीट आखणी केली. उंदरांना मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचायच्या, त्यांच्याविरुद्ध किती प्रतिपिंडं तयार होतात ते मोजायचं. ज्यांच्या शरीरात गोड पाणी आणि औषध यांची जोडी बसली होती त्यांना पुन्हा नुसतं गोड पाणी दिलं, तर प्रतिपिंडं कमी भरली. 1975 साली हे प्रसिद्ध झालं. प्रतिकारशास्त्राच्या जगात त्यावर विश्वास ठेवायला बरीच वर्षं फारसं कुणी तयार नव्हतं.

लगेच सुचणारी शंका अशी की उंदरांना गोड पाणी पाहून ताण आला असेल, ताणाने त्यांच्याच शरीरातलं स्टिरॉइड वाढलं असेल आणि त्यानेच प्रतिपिंडं घटली असतील. एडर आणि कोहेन यांनी तीही तपासली. लिथियम क्लोराइडने पोट बिघडवूनही नावड निर्माण करता येते आणि ताणही येतो, पण त्या उंदरांत प्रतिपिंडं तशी घटत नाहीत. म्हणजे नुसता ताण हे उत्तर पुरेसं नव्हतं. खरं तर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेटालनिकोव्ह आणि शोरीन यांनी 1926 सालीच गिनीपिगवर असा प्रयोग करून प्रतिकारसंस्था शिकते असं म्हटलं होतं. ते काम पन्नास वर्षं जवळजवळ विस्मरणात गेलं होतं.

त्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी महत्त्वाचा ठरला तो एडर आणि कोहेन यांचा 1982चा प्रयोग. उंदरांचा एक वाण असा आहे की त्यातल्या माद्यांना आपसूक ल्यूपससारखा आजार होतो, मूत्रपिंडं निकामी होतात आणि त्या मरतात. काही माद्यांना दर वेळी गोड पाण्याबरोबर औषध दिलं. काहींना गोड पाणी दर वेळी, पण औषध त्यातल्या निम्म्याच वेळी. तिसऱ्या गटालाही निम्मंच औषध, मात्र गोड पाण्याशी त्याची जोडी न बसवता. निम्मं औषध आणि जोडी मिळालेल्या माद्यांच्या लघवीत प्रथिनं उशिरा दिसली आणि त्या तिसऱ्या गटापेक्षा जास्त जगल्या. औषधाची मात्रा दोन्ही गटांत सारखीच होती. फरक फक्त जोडीचा.

आईच्या प्रश्नाला आधार होता तो हा.

मुलीवर केलेला उपचार

उंदरांसाठी गोड पाणी चालतं. माणसाच्या मुलीने तेरा वर्षांत गोड हजार वेळा खाल्लेलं असतं, त्या चवीला हजार आठवणी चिकटलेल्या असतात. जोडी बसायची तर चव आणि वास नवे हवेत, ठळक हवेत आणि रोजच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा समोर येणार नाहीत असे हवेत. नाही तर प्रत्येक वेळी औषधाविना ती चव लागली की शिकलेलं पुसट होत जातं. अभिसंधानाच्या भाषेत याला विलोपन म्हणतात. निवड झाली ती कॉड माशाच्या यकृताच्या तेलाची आणि गुलाबाच्या अत्तराची. माशाचं तेल आपल्याकडेही कित्येकांना लहानपणी चमच्याने पाजलेलं असतं. ती चव एकदा लागली की विसरता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

सलाइनमधून औषध सुरू व्हायच्या वेळी मुलीने तेलाचा घोट घ्यायचा आणि त्याच वेळी अत्तराची कुपी उघडायची. पहिले तीन महिने दर महिन्याला चव, वास आणि औषध तिन्ही एकत्र. त्यानंतर चव आणि वास दर महिन्याला, औषध मात्र दर तिसऱ्या महिन्याला. वर्षाचा हिशोब केला तर चव आणि वासाच्या बारा वेळा आणि औषधाच्या सहा. एरवी बारा वेळा औषध दिलं गेलं असतं.

दर तिसऱ्या महिन्याला खरं औषध का ठेवलं? एक तर आजार प्राणावर बेतणारा होता, तेव्हा औषध पूर्ण बंद करणं कुणालाही शक्य नव्हतं. दुसरं कारण शिकण्याच्या नियमातलं. मधूनमधून खरं औषध मिळत राहिलं की जोडीला उजाळा मिळतो आणि विलोपन लांबतं. यात मुलीपासून काही लपवलेलं नव्हतं, हे मला मोलाचं वाटतं. कुठल्या महिन्यात औषध आहे, कुठल्या महिन्यात नाही, तिला ठाऊक होतं.

वर्षाअखेर तिच्या प्रकृतीत सुधारणा झालेली होती. सहा डोसवर.

पानथरीपर्यंत गेलेली तार

आता कळीचा प्रश्न. नाकाला गुलाब जाणवला, जिभेला तेल. तिथून ती खबर प्रतिकारपेशीपर्यंत पोचते कशी?

यातला सर्वांत ठोस दुवा डेव्हिड फेल्टन यांच्याकडून आला. 1980च्या सुमारास ते पानथरीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. पुस्तकात प्लीहा म्हणतात ती ही पानथरी: डाव्या बरगड्यांखाली, मूठभर आकाराची, रक्त गाळणारी आणि प्रतिकारपेशींनी खच्चून भरलेली. चेतातंतू चकाकून दिसतील अशी रासायनिक क्रिया त्या कापांवर केलेली होती. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चेतातंतू असतात, त्यांना आकुंचन पावायला लावतात, हे जुनंच ज्ञान. पण इथे काही तंतू वाहिनी सोडून बाजूला वळले होते आणि थेट टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशींच्या घोळक्यात शिरले होते. पुढे सुझान फेल्टन यांच्याबरोबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा चेतातंतूचं टोक आणि लिम्फोसाइट (टी-पेशी आणि बी-पेशी ज्या गटात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) यांच्यातलं अंतर 6 नॅनोमीटर इतकं कमी आढळलं. दोन चेतापेशींच्या सांध्यातल्या नेहमीच्या फटीहूनही कमी.

मार्ग साधारण असा आहे. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतून खाली येतो, जठराच्या मागे असलेल्या चेतागुच्छात एक थांबा घेतो आणि पानथरीच्या रोहिणीच्या सोबतीने आत शिरतो. ही अनुकंपी चेतासंस्थेची वाट, म्हणजे घाबरल्यावर जी छाती धडधडवते तीच संस्था. तंतूच्या टोकातून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे संदेश नेणारं रसायन पाझरतं. टी-पेशींच्या पृष्ठभागावर त्यासाठी बीटा-2 नावाचे ग्राही, म्हणजे तो संदेश पकडणारे रेणू, बसलेले असतात, आणि ते जागे झाले की पेशीच्या आतल्या साखळीला सुरुवात होते.

ती साखळी कुठे जाऊन पोचते, यावर जर्मनीतल्या एसेन इथल्या मॅनफ्रेड शेडलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार सुंदर काम केलं आहे. त्यांनी सायक्लोफॉस्फमाइडऐवजी सायक्लोस्पोरिन निवडलं. प्रत्यारोपणानंतर नवा अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून देतात ते औषध. टी-पेशी उत्तेजित झाली की कॅल्सिन्यूरिन हे विकर (एन्झाइम) कामाला लागतं, त्यातून इंटरल्यूकिन-2 तयार होतं आणि हे इंटरल्यूकिन-2 म्हणजे ‘वाढा’ असा बाकी टी-पेशींना दिलेला पुकारा. सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्यूरिनलाच अडवतं. या औषधाची गोड पाण्याशी जोडी बसवलेल्या उंदरांत नुसत्या गोड पाण्यानेही इंटरल्यूकिन-2 कमी झालं. मग त्यांनी पानथरीला जाणारा चेतातंतू कापला, आणि शिकलेला परिणाम नाहीसा झाला. तंतू शाबूत ठेवून बीटा ग्राही रोखणारं औषध दिलं, तरीही तो उमटला नाही. 2011 साली त्यांनी दाखवलं की बीटा-2 ग्राही जागे झाले की टी-पेशीतल्या कॅल्सिन्यूरिनचं काम मंदावतं. म्हणजे औषध ज्या नळाची तोटी फिरवतं, त्याच तोटीपर्यंत चेतातंतूचाही हात पोचतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

मेंदूच्या बाजूचं टोकही आता बरंच दिसू लागलं आहे. मेंदूच्या कानशिलाकडच्या घडीत दडलेला इन्सुला नावाचा भाग चवीची जाण ठेवतो आणि शरीराच्या आत काय चाललं आहे याचीही. हायफाच्या टेक्निऑन संस्थेत आस्या रोल्स यांच्या प्रयोगशाळेने 2021 साली एक थक्क करणारी गोष्ट दाखवली. उंदरांना आतड्याचा दाह झालेला असताना इन्सुलातल्या कोणत्या पेशी सक्रिय होत्या, त्यांना त्यांनी खूण करून ठेवली. उंदीर बरे झाल्यावर फक्त त्याच पेशी पुन्हा जाग्या केल्या, तर आतड्यात दाहाची लक्षणं परत उमटली. चव आणि आतल्या आजाराची खबर मेंदूत एकाच शेजारात नोंदली जात असेल, तर गुलाब आणि तेल यांना औषधाच्या परिणामाशी गाठ मारणं इतकं सोपं का गेलं असेल, याचा थोडा उलगडा होतो.

एक गोष्ट मात्र मी वर्गात ठासून सांगते. गुलाबाचा वास डीएनएचे धागे जखडू शकत नाही. सायक्लोफॉस्फमाइड पेशी मारतं, सायक्लोस्पोरिन पेशीला गप्प करतं. कामाच्या रीती निराळ्या. उंदरांतली कॅल्सिन्यूरिनची गोष्ट या मुलीवर जशीच्या तशी चढवणं चुकीचं होईल. शरीर औषधाची रसायनविद्या शिकत नाही. औषध आल्यावर मेंदूला शरीरात जो बदल जाणवला, त्याला दिलेलं उत्तर ते शिकतं. मुलीच्या पानथरीत नेमकं काय घडलं, ते त्या दोन पानांत नाही.

एका मुलीवरून किती बोलावं

शास्त्र म्हणून पाहिलं तर हे प्रकरण कच्चं आहे, आणि त्याच्यावर प्रेम असूनही मला ते म्हटलं पाहिजे. रुग्ण एक. तुलनेला दुसरा गट नाही. ल्यूपस भरती-ओहोटीसारखा वागतो, आपोआपही ओसरतो. आणि सर्वांत मोठी शंका ही की सहा डोस मुळातच पुरेसे असतील तर? ही शंका हवेतली नाही. 2002 साली युरोपातल्या 90 रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. मूत्रपिंडाच्या ल्यूपसमध्ये दर पंधरवड्याला 500 मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड असे फक्त सहा डोस दिले, तरी निकाल मोठ्या मात्रेच्या जुन्या पद्धतीइतकेच आले. तिथे ना अत्तर होतं ना तेल. 1980च्या दशकात जी मात्रा आवश्यक समजली जात होती ती कित्येकांना गरजेपेक्षा जास्त होती, असा त्याचा अर्थ निघतो. ही मुलगी अत्तराशिवायही सहा डोसांवर सावरली असती का? कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मी या प्रकरणाकडे पुरावा म्हणून पाहत नाही, सुरुवात म्हणून पाहते. पुरावा नंतर आला, थोडा थोडा, आणि बराचसा एसेनहून. 2002 साली 34 निरोगी पुरुषांना सायक्लोस्पोरिनबरोबर एक विचित्र पेय दिलं: स्ट्रॉबेरीचं दूध, पण रंग हिरवा आणि वास लॅव्हेंडरचा. डोळे, नाक आणि जीभ तिघांनाही नवं. पुढच्या आठवड्यात तेच पेय औषध नसलेल्या गोळीबरोबर दिलं. रक्तातल्या टी-पेशींनी इंटरल्यूकिन-2 कमी तयार केलं. दहा वर्षांनी याच परंपरेतल्या दुसऱ्या अभ्यासाने एक फार महत्त्वाचा फरक स्पष्ट केला: आपल्याला औषध मिळतंय या नुसत्या अपेक्षेने काही झालं नाही, आणि जोडी एकदाच बसवूनही भागलं नाही. परिणाम मिळाला तो अनेक वेळा जोडी बसल्यावरच.

हा फरक आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवा. ‘मनाने ठरवलं की आजार पळतो’ अशा अर्थाचे संदेश घरोघरी फोनवर येत असतात, आणि त्यांचा सगळ्यात जास्त त्रास रुग्णालाच होतो. बरं वाटलं नाही तर दोष त्याच्या मनाचा, असं सगळे न बोलता सुचवतात. या प्रयोगांत मनाच्या निर्धाराचा काही भाग नाही. चिंचेला पाणी सुटायला निर्धार लागत नाही. प्रतिकारपेशींवर चेतासंस्थेचा हात चालतो तो बहुतांशी आपल्या इच्छेच्या खालच्या मजल्यावर.

2018 साली मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या 30 रुग्णांवर हे करून पाहिलं. त्यांचं नेहमीचं औषध एका कणानेही कमी केलं नाही. औषधाबरोबर हिरवं पेय देऊन जोडी बसवली, आणि नंतर रोजच्या डोसांच्या अधेमध्ये तेच पेय नुसत्या साध्या गोळीबरोबर जादा दिलं. टी-पेशींची वाढ एकट्या औषधाने जेवढी दबली होती त्याहून जास्त दबली. अर्थात हे मोजमाप परीक्षानळीतल्या पेशींचं. त्यावरून कुणाची औषधाची मात्रा उतरवावी इथपर्यंत अजून कुणी आलेलं नाही, आणि ल्यूपसच्या उपचारांच्या कोणत्याही मार्गदर्शक नियमांत अत्तराला जागा नाही. रुग्णाने किंवा घरच्यांनी हे वाचून एकही गोळी गाळू नये, हे मी हात जोडून सांगते. ल्यूपसमध्ये औषध अचानक सोडलं तर मूत्रपिंड जायला वेळ लागत नाही.

मावसबहीण

तिला सहा सलाइनं लागली होती, पुण्यात. सोबत मी जायचे. तिसऱ्या खेपेला रिक्षा इस्पितळाच्या फाटकाशी वळली, तोच तिने माझा हात घट्ट धरला. “ताई, अजून बाटली लागलीही नाही गं, आत्ताच उमळून येतंय.” आत गेल्यावर जंतुनाशकाचा वास आला आणि तिला उलटी झाली. औषधाचा एक थेंबही अजून शरीरात गेलेला नव्हता. नर्सनी समजावलं, “मनावर घेऊ नका.” त्या मायेनेच म्हणाल्या, पण बहिणीचा चेहरा पडला. आपलं मन कच्चं आहे असं तिला वाटलं. त्या रात्री मी तिला एडर यांच्या उंदरांची गोष्ट सांगितली. तुझं मन कच्चं नाही, तुझ्या मेंदूने फाटक आणि औषध यांची गाठ मारली आहे, आणि ती मारणं हे त्याचं कामच आहे. तेव्हा ती म्हणाली, “मग त्याला चांगलं काही शिकवता येत नाही का?” दोन पानांची ती हकिगत मी तिला वाचून दाखवली ती त्यानंतर. तिच्या डॉक्टरांनाही तिने स्वतः विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मात्रा पूर्णच ठेवली. मला ते बरोबरच वाटलं.

एक गोष्ट मात्र मला वेळेत सुचायला हवी होती. केमोथेरपी घेणाऱ्या मुलांवरचा 1987चा एक अभ्यास आहे. औषधाच्या आधी जेवण झालं की त्या जेवणावरच मुलांची कायमची नावड बसते. म्हणून जेवण आणि औषध यांच्या मधल्या वेळात त्यांना एक अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली. नावड बरीचशी त्या गोळीवर गेली आणि जेवण वाचलं. हे मी वर्गात शिकवत होते. तरी मावशी दर सलाइनच्या सकाळी डब्यात लेकीच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी भरून आणायची, उपाशीपोटी औषध नको म्हणून, आणि मी तो डबा तिच्यापुढे उघडून ठेवायचे.

सलाइनं संपून चार वर्षं झाली. तिची मूत्रपिंडं चांगली आहेत, गोळ्या चालू आहेत, नोकरीवर जाते. एकादशीला मावशीकडे सगळ्यांसाठी खिचडी होते आणि तिच्यासाठी आधीच, खिचडीचा वास घरभर पसरायच्या आत, वेगळ्या पातेल्यात भगर शिजवून झाकून ठेवलेली असते.